मध्यस्थाविना माध्यम : फुलसावंगीच्या निमित्ताने

नव्या माध्यमाचा आशय म्हणजे जुने माध्यमच असते, हे मार्शल मॅक्लुहान यांचे प्रतिपादन (१९६४) माध्यमचर्चेत वारंवार आधाराला घेतले जाते. जुने माध्यम नव्यात सामावताना त्यातले काय गळून पडते, हा प्रश्न मात्र तुलनेने कमी विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये घडलेली घटना या प्रश्नाच्या मुळाशी नेणारी आहे.

आठवीत शाळा सुटलेल्या एका वेल्डिंग कारागिराने यूट्यूबवरील चित्रफिती पाहून एकआसनी हेलिकॉप्टर तयार केले. चाचणीच्या वेळी शेपटीकडील पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि डोक्याला मार लागून त्याचा मृत्यू झाला. चाचणीचे चित्रण समाजमाध्यमांतून दूरवर पसरले. ज्या माध्यमाने त्याला शिकवले, त्याच माध्यमाचा तो विषय झाला.

शिकवणारी चित्रफीत ही एक संहिता मानली, तर तिचा निवेदक वैशिष्ट्यपूर्ण ठरतो. तो कृती दाखवतो, पण समोरच्याचा हात पाहत नाही. फसलेले प्रयत्न बहुधा संकलनात कापले जातात. म्हणून यश हेच कृतीचे स्वाभाविक पर्यवसान भासते. कारखान्यातला उस्ताद सांगतो त्यापेक्षा अडवतो अधिक. त्याचे ‘थांब’ हा शब्द ज्ञानाचाच भाग असतो आणि चित्रफितीत नेमका तोच उरत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी कथनकारावरील निबंधात (१९३६) कथेचे मर्म सल्ल्यात पाहिले आणि कथनकलेची जोपासना कारागिरांच्या कार्यशाळेत झाल्याचे सांगितले. सल्ला हा ऐकणाऱ्याची स्थिती ओळखूनच देता येतो. माहितीला अशी ओळख आवश्यक नसते.

तथापि, यावरून पारंपरिक माध्यमांचे गौरवीकरण करणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. मध्यस्थ हा राखणदार असतो, तसाच तो अडसरही असतो. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) शेतकऱ्याच्या अज्ञानावर पोसल्या जाणाऱ्या मध्यस्थांचीच चिकित्सा केली आहे. शाळा सुटलेल्या कारागिरापर्यंत विमानविद्येचा ग्रंथ पोचत नव्हता, चित्रफीत पोचली. तिने दार उघडले हे नाकारता येत नाही. दारापलीकडे कोणी उभे नव्हते, एवढेच.

मुद्रित माध्यमाला येथे स्वतःचे कार्य होते. काय दाखवावे, काय दाखवू नये आणि घटनेचा अर्थ कोणत्या संदर्भात लावावा, हा विवेक संपादनाच्या परंपरेने जोपासलेला आहे. परंतु अनेक वृत्तांनी या तरुणाला ‘रँचो’ ठरवले. म्हणजे ‘थ्री इडियट्स’ (२००९) या चित्रपटातून तयार अर्थ उसना घेतला. त्याच चित्रपटात जॉय लोबो नावाचा विद्यार्थीही आहे. तो उडणारे यंत्र घडवू पाहतो, संस्था त्याला मुदत नाकारते आणि तो जीव गमावतो. रँचो हे नाव व्यक्तीच्या प्रतिभेकडे बोट दाखवते, तर लोबो हे नाव संस्थेकडे. फुलसावंगीच्या घटनेला कोणते नाव अधिक लागू पडते, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. पहिल्या नावाने मृत्यू शोकांत नायकाचा होतो. दुसऱ्याने तो तंत्रशाळा, प्रयोगशाळा आणि जाणते मार्गदर्शक यांच्या अभावाचा होतो.

अंकीय माध्यमाने मुद्रित माध्यमाची जागा घेतली, हे विधान म्हणूनच अपुरे ठरते. या घटनेत दोन्ही माध्यमांतून एकच गोष्ट निसटली : मध्यस्थाची जबाबदारी. चित्रफितीने ती कधी स्वीकारलीच नव्हती. वृत्तपत्रीय कथनाने ती हातची सोडली. नव्या माध्यमांचे समीक्षाशास्त्र उभारायचे, तर संहितेत काय आहे याबरोबरच, ‘थांब’ म्हणणारा आवाज तिच्यात कोठे होता आणि तो कोणी पुसला, हेही तपासावे लागेल.