रसेल-हिरालाल वाचताना: धंदा कुठे संपतो, जात कुठे सुरू होते?

पणजोबा कोणता धंदा शिकले, कुणाकडे शिकले, हे शोधायचं तर शिकाऊ उमेदवारांची रजिस्टरं बघा, असं इंग्लंडमधली कुलवृत्तांताची मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. तिकडे ते जमतं. तिथे शिकाऊ करारांवर स्टॅम्प शुल्क होतं, म्हणून 1710 ते 1811 या काळातल्या नोंदी राहिल्या. आपल्याकडेही 1850 चा शिकाऊ कायदा होता. 10 ते 18 वर्षांचं मूल बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी लेखी कराराने बांधून देऊ शकत होता. पण नागपुरातला कोष्ट्याचा पोरगा घरच्याच मागावर शिकला. आधी कांड्या भरायच्या, मग ताण्याच्या कामात हात लावायचा, मग कधीतरी धोटा हातात. बाप पोराशी करार कशाला करेल? गंमत म्हणजे बापाकडे फुकट शिकलेला मुलगा त्या इंग्रजी शुल्काच्या रजिस्टरातही सापडत नाही.

करार मिळाला नाही की आपण सगळे रसेल उघडतो. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ, 1916. कोष्टींवर त्यात स्वतंत्र नोंद आहे. पोटजाती, लग्नाचे नियम, देवदैवतं, सगळं आहे आणि वाचायलाही बरं आहे. पण माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. रसेल 1901 च्या जनगणनेचा प्रांतिक अधीक्षक होता आणि ग्रंथाचा सांगाडाही जनगणनेचाच आहे: आधी जात, मग तिच्या खाली माणूस. अनेक लेखांच्या तळटिपा बघा. माहिती देणारे कोण? तहसीलदार, नायब तहसीलदार, शाळामास्तर. म्हणजे विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर नमुना निवडतानाच पूर्वग्रह शिरलेला. विणणाऱ्याला विचारलं असतं तर तो आधी मागाबद्दल बोलला असता, असं मला वाटतं. कारकुनाला जातीचा रकाना भरायचा होता.

हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. कोष्टींच्या पोटजातींत 'हलबी' हे नावही येतं. हलबा जमात अनुसूचित, कोष्टी हा विणकरीचा शब्द. एखाद्या घरच्या जुन्या कागदावर नुसतं 'कोष्टी' लिहिलेलं असेल तर ती जात समजायची की धंदा? 2000 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचायची, 'हलबा-कोष्टी' म्हणजे हलबाच असा अर्थ त्यात काढता येणार नाही. आधी अंतिम झालेले प्रवेश आणि नेमणुका मात्र वाचवल्या. नागपूर-विदर्भात किती घरांचं आयुष्य या एका शब्दावर अडलंय, ते पडताळणी समितीच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. कायदेशीर बाजू कुणाची बरोबर, हा माझा विषय नाही. पण इतिहासाच्या पुराव्याला दोन्ही बाजू जे काम लावतात, ते त्याला झेपणारं नाही.

मग काय वाचायचं? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी खरेदीखतं. रसेल जातीबद्दल बोलतो, हे कागद निदान एका माणसाबद्दल बोलतात. तेही निरागस नाहीत. दाखल-खारीजमधली जात हेडमास्तरने ऐकून लिहिलेली असते, आणि बापाच्या धंद्याचा रकाना असलाच तर त्यात तोच शब्द पुन्हा येऊ शकतो. म्हणून नोंद उतरवताना माझा एक हट्ट असतो: शब्द जसा लिहिलाय तसाच घ्यायचा, तो कोणत्या रकान्यात होता ते लिहायचं, आणि कुणाच्या हस्ताक्षरात आहे तेही. 'कोष्टी (जात)' असं कंसातलं आपलं डोकं त्यात घालायचं नाही.

एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. तिथून पुढे त्याच कोष्ट्याच्या घरातला पोरगा मजूर म्हणून हजेरीपटावर येऊ शकतो, आणि तिथे त्याला खातं मिळतं: विणाई, कताई. रसेलमध्ये हे खातं शोधू नका.