फ्लामेंको : एक प्रथमदर्शन

प्रवासांत पाहिलेल्या कलेविषयीं लिहिणाऱ्यानें आपलें अज्ञान आरंभींच कबूल करावें हें बरें. स्पेनच्या दक्षिणेकडील सेव्हिल शहरीं आम्ही गेल्या वर्षीं चार दिवस होतों. ग्वादल्किविर नदीपलीकडील त्रियाना नांवाच्या जुन्या वस्तींत एके रात्रीं फ्लामेंकोचा प्रयोग पाहिला, आणि तोहि आयुष्यांत पहिल्यानेंच. स्पॅनिश भाषा आम्हांस येत नाहीं. तेव्हां पुढील मत हें हिंदुस्थानी संगीताच्या बैठकींत कान तयार झालेल्या एका परकीयाचें आहे, एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं तें वाचावें.

खरें सांगावयाचें तर आम्ही कोऱ्या मनानें गेलों नव्हतों. या कलेला आकार देणारे तेथील जिप्सी मूळचे आपल्या हिंदुस्थानच्या वायव्येकडचे, आणि त्यांचें नृत्य म्हणजे कथकाचीच परदेशीं वाढलेली कन्या, असें घरून निघतांनाच ऐकलें होतें. तिकिटाबरोबर हा अभिमानहि खिशांत होता.

दिवाणखान्याएवढी जागा, फळ्यांचा बेताचा मंच, सरळ पाठीच्या चार खुर्च्या. पूर्वार्ध आम्हांस आवडला नाहीं. मागें लांब घोळ सुटलेला तांबडा झगा, चपळ गिरक्या, गिटारीवर बोटांची शर्यत. सर्व कांहीं सफाईचें, आणि सर्व कांहीं समोर उंचावलेल्या भ्रमणध्वनींसाठीं. आमच्या रांगेतील मंडळींच्या टाळ्याहि तशाच : गिरकी जितकी जलद तितकी टाळी मोठी.

मग दिवे मंद झाले आणि सोलेआ सुरू झाली. हा फ्लामेंकोतील एक गंभीर गीतप्रकार; त्याचें नांव एकाकीपणाच्या शब्दावरून आलें असें मानतात. गाणारी बाई साठीच्या घरांतली, अंगानें स्थूल, हात गुडघ्यांवर. प्रथम शब्द नाहींतच. नुसता ‘आय्’ असा दीर्घ स्वर, मध्येंच चिरणारा. आपल्याकडे बैठकींत कोणी असा आवाज लावला तर ‘आज गळा बसला आहे’ म्हणून लोक पानाचा डबा उघडतील. येथें त्या खरखरीलाच मान. नुसत्या गोड गळ्याचें या गंभीर प्रकारांत फारसें कौतुक नाहीं. साध्या काळ्या पोशाखांतील नर्तिका पहिल्या कडव्याभर जागची हलली नाहीं. ती ऐकत होती. ऐकणें हेंहि नृत्य होऊं शकतें, हें आम्हांस तेव्हां कळलें. नंतर टांचेचा पहिला आघात झाला, आणि मग पावलांच्या एका इशाऱ्यानें ती गाणें बोलावी, दुसऱ्यानें थांबवी. गिटारवाल्याची नजर तिच्या पायांवरून क्षणभरहि ढळली नाहीं.

आम्ही मात्रा मोजूं लागलों. बारा! एकतालाच्या ओळखीनें मन आनंदलें, आणि लगेच फसलें. आपल्या एकतालांत दोन-दोन मात्रांचे सहा समान खंड, आणि सम पहिल्या मात्रेवर. येथें वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर, म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी असमान विभागणी. आणि वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर येऊन मिटतें. जेथें आम्ही समेची वाट पाहावी तेथें शांतता, आणि जेथें बेसावध असावें तेथें टांच! भरांत येऊन आम्हीं हातानें ताल धरला, तेव्हां शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं कांहीं न बोलतां, हंसून, आमच्या मनगटावर हात ठेवला. तेथें टाळी हें वाद्यच आहे. तें ज्याला येतें त्यानेंच वाजवावें. श्रोत्याची दाद ‘ओले’ या शब्दानें, आणि तीहि आपल्या ‘क्या बात है’प्रमाणें नेमक्या जागेलाच यावी लागते.

कथकाच्या कन्येचा अभिमान त्या हाताखालींच विरला. भाषाशास्त्र एवढें निश्चित सांगतें कीं रोमानी भाषा ही आपल्या आर्यभाषांच्या कुळांतील आहे. स्पेनमध्यें या लोकांचा उल्लेख १४२५ पासून सांपडतो. परंतु आज आपण पाहतों तें कथक लखनौ-जयपूरच्या दरबारांत मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडलें, आणि फ्लामेंकोहि साधारण त्याच काळांत घडलें. आईचें व मुलीचें वय सारखेंच निघतें, हें नातें लावणाऱ्यांच्या लक्षांत येत नाहीं. १७४९ सालीं स्पेनच्या राजाज्ञेनें हजारों जिप्सींची एकदम धरपकड झाली. त्या आवाजांतील चिरेचा उगम शोधावयाचाच असेल, तर पावलांच्या साम्यापेक्षां तो या छळांत शोधणें अधिक सयुक्तिक होईल.

पूर्वार्धावर रागावून ‘ही कला बाजारांत बसली’ असें लिहावयाचें आम्हीं मनांत ठरविलें होतें. हें लिहिणें सोपें आहे. १९२२ सालीं संगीतकार मान्युएल द फाया व तरुण कवि गार्सिया लोर्का यांना हीच भीति वाटली, आणि त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं ग्रानादाच्या आल्हंब्रांत गंभीर गाण्याची स्पर्धा भरविली. एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांना तींत मज्जाव होता. गौरव झाला तो एका वृद्धाचा व मानोलो काराकोल नांवाच्या बारा वर्षांच्या मुलाचा. आणि तोच मुलगा पुढें धंदेवाईक रंगभूमीवरील नामांकित गायक झाला! शिवाय एकोणिसाव्या शतकांतील गाण्याच्या कॅफेंत, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांपुढेंच, या कलेचा बराचसा घाट ठरला. लावणीच्या बाबतींत आपण पांढरपेशांनीं हेंच केलें : फडांत जावयाचें नाहीं, आणि फडाबाहेर काढून धुतलेली लावणी मात्र शुद्ध म्हणून ऐकावयाची. त्या रात्रीची सोलेआ तिकिटाच्याच पैशांवर उभी होती.

शेवटीं रिवाजाप्रमाणें सर्व कलावंत पुढें आले, व जलद बुलेरियाच्या ठेक्यावर एकेकानें थोडें थोडें नाचून घेतलें. गाणारी बाईहि उठली. झग्याचें टोंक हातांत धरून तिनें जेमतेम चार पावलें टाकलीं, खांदा किंचित् वळविला, आणि जागेवर जाऊन बसली. तोंपर्यंत आमच्या रांगेतील निम्मी मंडळी अंगांत कोट घालीत होती. शेजारचे वृद्ध गृहस्थ मात्र पुढें वांकले, आणि त्या रात्रीं प्रथमच ‘ओले’ म्हणाले. अगदीं हळू, जणूं तें तिलाच तेवढें ऐकूं जावें.