लाल धुळीचे व्याकरण

दिवाळी अंकात संगणकावरच्या खेळाची समीक्षा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण ज्या घरांत मुले दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करीत, त्याच घरांत आज ती मोबाइलच्या पडद्यावर ठोकळ्यांचे किल्ले रचतात. ज्या रचनेत मुलांचे इतके तास आणि इतकी बुद्धी खर्च होते, तिला नुसता 'टाइमपास' म्हणून मोकळे होणे ही समीक्षेची कामचुकारी ठरेल. हा खेळ म्हणजे 'माइनक्राफ्ट'. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा हा खेळ. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली.

किल्ले बांधणे ही या खेळाची बाराखडी. त्याचे व्याकरण आहे ते 'रेडस्टोन' नावाच्या लाल धुळीत. ही धूळ २०१० मध्ये खेळात आली. जमिनीवर तिची रेघ ओढली की ती विजेच्या तारेसारखा संदेश वाहते. उगमाशी संदेशाचे बळ १५ असते आणि दर ठोकळ्यागणिक ते एकाने घटते. वाटेत 'रिपीटर' ठेवला की पुन्हा १५ होते. याच द्रव्याची मशाल उलटे काम करते. ती ज्या ठोकळ्याला लावली आहे त्याला संदेश मिळाला की विझते. एवढ्या साहित्यावर 'आणि', 'किंवा', 'नाही' या तर्कशास्त्राच्या तिन्ही क्रिया बांधता येतात. त्यातून मुले आपोआप उघडणारी दारे करतात, पिके कापणारी यंत्रे करतात. जाणत्यांनी तर बेरीज-वजाबाकी करणारी गणकयंत्रेही उभी केली आहेत.

तेव्हा ही एक भाषा आहे, आणि तिचे नियम कंपनी वेळोवेळी बदलते. नियम बदलले की काय होते, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिखाणातून गेले. त्याआधीच, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, आपले बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले होते. नियम ठरविणाऱ्या शासनाशी आपला संबंध उरला नव्हता. तरी मराठी लिहायची म्हणून ते आपणही पाळले. नियम एका ठिकाणी ठरतो आणि तो जगणारे दुसऱ्या ठिकाणी असतात, ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. म्हणून या खेळातील सुधारणांना मी दोनच प्रश्न विचारतो. सुधारणेने जे लपलेले होते ते उघड झाले काय? आणि लोकांच्या हातचे एखादे साधन त्यात गेले काय?

पहिली सुधारणा २०२० ची. जावा आवृत्तीत धुळीची सुटी चिमूट ठिपक्यासारखी दिसे, पण चारही बाजूंना संदेश देई. दिसे एक आणि करी दुसरेच. सुधारणेनंतर सुटी धूळ फुलीसारखी दिसते आणि चारही बाजूंना पोचते. तिला ठिपका करता येते, पण मग ती कोठेच पोचत नाही. जसे दिसते तसेच वागते. उत्तम सुधारणा.

दुसरी ऑगस्ट २०२४ ची. जावा आवृत्तीत एक विचित्र खोड होती. एकच यंत्र एका जागी नीट चाले, आणि तसेच्या तसे दुसऱ्या जागी बांधले की अडे. धुळीचे कोणते कण आधी जागे व्हायचे, तो क्रम जागेच्या अंकांवरून ठरे. ही अडचण मुलाला दिसणे शक्यच नव्हते. त्याला वाटे, आपलेच काही चुकले. नव्या पद्धतीत संदेश उगमापासून बाहेर पसरतो आणि जागेचा प्रश्न उरत नाही. शिवाय कंपनीने हा बदल लादला नाही, प्रायोगिक पर्याय म्हणून पुढे ठेवला. ज्यांची जुनी यंत्रे त्या खोडीवर उभी होती, त्यांना पारखायला सवड मिळाली. सुधारणा करावी तर अशी.

तिसरी मात्र मला पटत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या चाचणी आवृत्तीत तांब्याचा दिवा आला. संदेशाचा एक ठोका मिळाला की तो लागे, दुसऱ्या ठोक्याला विझे, आणि हे करताना सेकंदाचा विसावा भाग थांबे. रिपीटरचा लहानात लहान विलंब याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. इतका बारीक विलंब सहज देणारे साधन हाती आले म्हणून यंत्रे करणारे हरखले. पुढच्या चाचण्यांतच तो विलंब काढून टाकला गेला, आणि जून २०२४ मध्ये दिवा सर्वांच्या हाती आला तो विलंबाशिवायच. अनेकांनी नाराजी बोलून दाखविली. यात लपलेले काही उघड झाले नाही. एक साधन तेवढे गेले. नीटनेटकेपणा हा गुण खरा, पण त्यापायी शब्दसंपत्ती घटली तर तो गुण महाग पडतो.

याहून मोठा प्रश्न दोन आवृत्त्यांचा आहे. संगणकावरची जावा आणि मोबाइलवर चालणारी बेडरॉक दिसायला सारख्या, पण नियम वेगळे. जावात पिस्टनच्या वरच्या रिकाम्या जागेला संदेश पोचला तरी पिस्टन हलू शकतो. बेडरॉकमध्ये हलत नाही. भालकीचा किंवा आळंदचा मुलगा जावाची चित्रफीत पाहून मोबाइलवर यंत्र बांधतो आणि ते चालत नाही. आपल्या मुलांना हा अनुभव शाळेतही येतो. 'अवकाश' म्हणजे मराठीत सवड किंवा मोकळी जागा, कन्नडात संधी. शब्द तोच, व्यवहार निराळा. म्हणून आपण कन्नडाला चूक म्हणत नाही की मराठीला. पिस्टनचा तो नियम मुळात अनवधानाने आला असे मानतात, पण हजारो यंत्रे त्यावर उभी राहिली आणि जावाने तो टिकू दिला, हे योग्यच झाले. वापराने रुळलेली चूक हळूहळू रूढी होते. कोणत्याही भाषेचा इतिहास हेच सांगतो.

दोष आहे तो फरक न सांगण्यात. अमुक रचना कोणत्या आवृत्तीची, हे जेथे ती शिकविली जाते तेथेच ठळक लिहिले पाहिजे. तसे नसते तेव्हा दहा-बारा वर्षांचे मूल नियमातला फरक स्वतःच्या बुद्धीचा दोष समजते. पालकांनी एवढे करावे. मुलाचे यंत्र अडले तर 'ठेव तो मोबाइल' म्हणण्याआधी विचारावे, "बाळा, ही कोणत्या आवृत्तीची रचना?" दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला या प्रश्नाचा अर्थ लगेच कळेल.