वेचणाऱ्या हातांचं ॲनिमे

2025 च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे लागला आणि मागोमाग 'चेनसॉ मॅन'चा रेझेवाला चित्रपट आला. पहाटेचे खेळ लागले, तिकिटांसाठी झुंबड उडाली. जपानी चित्रपटासाठी भारतातली पोरं अंधारात घराबाहेर पडतात, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर खरी वाटली नसती. याचा आनंद मलाही आहे. पण त्यानंतर या दोन चित्रपटांवर चाहत्यांनी जे लिहिलं आणि बोललं, ते वाचून-ऐकून मी अस्वस्थ झालो. कोणाची लढाई वरचढ, कोणता राक्षस कोणाला भारी पडेल, कमाईत कोण पुढे, दहापैकी किती गुण. एवढ्यावर समीक्षा संपली. चित्रपट पाहिला की कुस्तीचा निकाल, हे कळू नये अशी परिस्थिती आहे.

'चेनसॉ मॅन' ज्याच्या लेखणीतून आला त्या तात्सुकी फुजिमोतोचीच 'लुक बॅक' ही कथा 2024 मध्ये पडद्यावर आली. कियोताका ओशियामाने केलेला हा चित्रपट जेमतेम 58 मिनिटांचा. शाळेच्या पत्रकात चार चौकटींची चित्रकथा काढणारी फुजिनो, आणि शाळेत पाऊल न टाकणारी पण पार्श्वचित्रं काढण्यात तिच्या कितीतरी पुढे असलेली क्योमोतो. चित्रपटाचा मोठा भाग आपण फुजिनोची पाठ बघतो. टेबलाशी वाकलेली पाठ. खिडकीबाहेर ऋतू बदलतात, वह्यांची चवड वाढते, पाठ तशीच. गेल्या काही वर्षांत कामाचं इतकं नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. क्योमोतोने केलेली स्तुती मनात घेऊन फुजिनो पावसात चिखल तुडवत उड्या मारत घरी निघते, तेव्हा ओशियामाने रेषा मुद्दाम खडबडीत ठेवल्या आहेत. काढणाऱ्याचा हात दिसत राहतो. एकाच लेखकाच्या या दोन कृती. एकीवर चाहत्यांनी महिनोन्‌महिने वाद घातले, दुसरी 'रडवणारी आहे' एवढं म्हणून बाजूला ठेवली. माझं भांडण इथून सुरू होतं.

'इन्फिनिटी कॅसल' वाईट चित्रपट नाही. युफोटेबल स्टुडिओच्या लोकांनी त्या उलट्यासुलट्या महालात जी खोली उभी केली आहे, ती थक्क करते. पण त्या चित्रपटाचा प्राण लढाईत नाही. आकाझा राक्षस होण्याआधी हाकुजी नावाचा मुलगा होता. आजारी बापाच्या औषधासाठी तो चोऱ्या करायचा. पुढे कोयुकी या आजारी मुलीची त्याने शुश्रूषा केली, उशाशी बसून, दिवसामागून दिवस. तिच्या घरच्या विहिरीत विष कालवलं गेलं आणि सगळं संपलं. एका माणसाने दुसऱ्याचं केलेलं, हा त्या चित्रपटातला सर्वांत खरा भाग आहे. चर्चा मात्र मुष्टियुद्धाच्या तुकड्यांची झाली.

बाकीचा पट लवकर आटोपतो. अपघातात मेलेला पोरगा दुसऱ्या जगात जन्मतो आणि तिथे सर्वशक्तिमान होतो, या इसेकाई नावाच्या पिकाबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. 'वन पीस'वर प्रेम करणाऱ्यांनी करत राहावं, त्याला समीक्षेची गरज नाही. 'अकिरा' आणि 'घोस्ट इन द शेल' यांनी आपापलं काम केव्हाच केलं, आता त्यांचं नाव घेणं हा ज्ञान दाखवण्याचा सोपा मार्ग झाला आहे. मकोतो शिंकाई आकाश सुंदर रंगवतो, यात वाद नाही. पण 'सुझुमे'मधली ओसाड गावं, बंद पडलेली ठिकाणं ही त्याला दार उभं करण्यापुरती हवी असतात. तिथे कधीकाळी कोण राबलं, हे क्षणभर ऐकू येतं आणि कथा पुढे पळते. ज्यांच्या गावावरून शकुंतला रेल्वे धावायची आणि आता नुसते रूळ उरले आहेत, त्या दर्यापूरकरांना एवढ्याने समाधान होऊ नये.

मला बोलायचं आहे ते दिग्दर्शक इसाओ ताकाहाताबद्दल आणि त्याने पाडलेल्या वाटेबद्दल.

त्याचा 'ओन्ली यस्टरडे' 1991 चा. त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक कमाई केलेला हा जपानी चित्रपट, आणि त्यात एकही राक्षस नाही. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा टाकते, रात्रीच्या गाडीने यामागाताला पोहोचते आणि घरी न जाता पहाटे थेट वावरात उतरते. तिथे फुलं वेचायची आहेत. कोणती फुलं? करडईची. 2020 मध्ये स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले, त्यात हाही आला. तेव्हापासून मी किती चाहत्यांना त्याबद्दल विचारलं. अननस कापण्याचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, करडई कोणालाच आठवत नाही. वऱ्हाडातल्या पोरांनासुद्धा.

आपल्याकडे करडई तेलाच्या दाण्यासाठी पेरतात, तिकडे फुलाच्या लालीसाठी. पण काटा तोच. आपल्याकडे करडईची काढणी पहाटे करतात, कारण दवाने काटे नरम पडलेले असतात. उन्हं चढली की हातापायांना फडकी गुंडाळूनही निभाव लागत नाही. ताकाहाताच्या चित्रपटात ताएको पहाटेच फुलं वेचते, त्याच दवामुळे. हजारो मैलांवरच्या दोन शेतांमध्ये एकच शहाणपण आहे, आणि ते एका चित्रपटकाराने मन लावून टिपलं आहे. पुढे तो थांबत नाही. पाकळ्या धुणं, तुडवणं, आंबवणं, कुटणं, वड्या थापून उन्हात वाळवणं, हे सगळं तो दाखवतो. ढीगभर फुलांतून हाती येते ती चिमूटभर लाली. आणि ताएको सांगते, जुन्या काळी बोटं रक्तबंबाळ करून घेणाऱ्या वेचणाऱ्या पोरींना ती लाली आयुष्यात कधी ओठाला लावायला मिळाली नाही. शोषणावरची भाषणं करून जे साधत नाही, ते या शांत पाच-सात मिनिटांत साधलं आहे.

याच चित्रपटात तोशिओ नावाचा शेतकरी ताएकोला समजावतो, की शहरातून आलेली माणसं ज्याला निसर्ग म्हणतात तो रानोमाळ, ओढा, झाडोरा पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी निसर्गाशी झगडत आणि त्याच्याकडून घेत-देत घडवलेला असतो. ॲनिमेतल्या हिरव्या डोंगरांची चित्रं भ्रमणध्वनीच्या पडद्यावर लावून ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पुन्हा पाहावं. ते डोंगर आयते नाहीत.

रेखाटनातही ताकाहाता हाच आग्रह धरतो. मोठ्या ताएकोचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि मग चेहरे काढले. हसताना गालाच्या स्नायूंवर पडणाऱ्या रेषाही काढल्या. ॲनिमेत तेव्हा आवाज सहसा नंतर चढवत. बालपणीच्या आठवणी फिक्या रंगांत, कडा मोकळ्या सोडून. वर्तमान मात्र भरगच्च, काट्यासकट. आठवण हलकी असते आणि काम जड असतं, हे त्याने रंगांतून सांगितलं.

या वाटेवरची दुसरी कृती 'सिल्व्हर स्पून'. हिरोमू आराकावा स्वतः होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातली, चित्रकथा काढण्याआधी शेतावर राबलेली. तिच्या कथेवरची ही मालिका 2013 आणि 2014 मध्ये दोन भागांत आली. शहरातल्या अभ्यासाच्या चढाओढीला कंटाळलेला हाचिकेन शेतकी शाळेत दाखल होतो. एका डुकराच्या पिलाला नाव देतो, वाढवतो, आणि ते कापलं जाणार हे माहीत असून शेवटी स्वतःच्या कमाईतून त्याचं मांस विकत घेतो. अन्न म्हणजे काय, यावर इतकं प्रामाणिक मी फार थोडं पाहिलं आहे.

पण खरा घाव दुसऱ्या भागात आहे. बेसबॉलमध्ये नाव काढण्याची स्वप्नं बघणाऱ्या, त्याच शाळेतल्या कोमाबाच्या घरचा गोठा कर्जात बुडतो. गाई जातात, पोरगा शाळा सोडून कामाला लागतो. आणि त्या कर्जाला जामीन राहिलेलं शेजारच्या मिकागेचं घरही खाली येतं, तिचे घोडे विकायला निघतात. अमरावती-अकोल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या दारात कसं येतं, जामिनावर केलेली सही घराघरांतली नाती कशी ताणते, हे इथल्या प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. आमच्या पट्ट्यात कर्जावर लिहिलं जातं तेव्हा बहुतेकदा मरणावर येऊन थांबतं. आराकावा मरणाकडे जात नाही. ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे जाते, जेव्हा रिकाम्या गोठ्यासमोर पोरांना काय बोलावं ते सुचत नाही आणि हाचिकेनला आपली सगळी हुशारी निरुपयोगी वाटते. या मालिकेला चाहत्यांच्या याद्यांमध्ये 'हलकीफुलकी' म्हणून ठेवलेलं मी पाहिलं आहे. हा आंधळेपणा आहे.

2023 मध्ये आलेली 'फ्रीरेन' याच वाटेवरची आहे, जादू आणि राक्षस असूनही. राक्षसराजाला मारून झाल्यावर तिची कथा सुरू होते. दीर्घायुषी फ्रीरेनला सोबत लढलेल्या हिमेलच्या अंत्यविधीला उमगतं की या माणसाला आपण ओळखूनच घेतलं नाही. मग ती गावोगाव फिरते आणि काय करते? गंजलेले पुतळे घासते, समुद्रकिनारा साफ करते, हिमेलच्या आवडीचं फूल शोधत महिनोन्‌महिने घालवते. तिच्या जादूंपैकी निम्म्या घरकामाच्या उपयोगाच्या. केइइचिरो साइतोने या बारीकसारीक कामांना लढाईइतकाच वेळ दिला, आणि ती मालिका मोठी झाली ती त्यामुळे. तरी चाहत्यांनी तिच्यातून कापून घेतले ते ऑरा या राक्षसिणीला हरवण्याचे तुकडे.

आता मुद्द्यावर येतो. अशा कृतींना एकच शिक्का मारला जातो : स्लो आहे, काहीच घडत नाही. फुलं वेचणं हे घडणं नाही? कर्ज फिटत नाही म्हणून गाई दावणीतून सोडणं हे घडणं नाही? ज्याला फक्त तलवार उपसल्यावर काही घडल्यासारखं वाटतं, त्याने आपल्या आईला वर्षभर पाहिलेलंच नाही. ही नजर ॲनिमेने दिलेली नाही. तिच्यामागे आपल्याकडची जुनी सवय आहे, काम करणाऱ्याकडे न बघण्याची. ॲनिमेच्या चर्चेत ती नव्या कपड्यांत आली आहे.

साकुगाची, म्हणजे देखण्या हालचालींच्या तुकड्यांची, चर्चा करणारे चाहते स्वतःला जाणकार समजतात. कोणता तुकडा कोणत्या चित्रकाराने काढला, हे ते सांगतात आणि ते ज्ञान मोलाचं आहे. पण त्यांनी निवडलेले तुकडे बघा : स्फोट, झेप, वार. चित्रकारांना विचारा, सर्वांत अवघड काय. माणूस नुसता बसतो ते, जेवतो ते, टोपली उचलताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो ते. स्फोटात चूक लपते, बसण्यात लपत नाही. नाओको यामादाच्या 'लिझ अँड द ब्लू बर्ड'च्या सुरुवातीला दोन मुली शाळेत चालत जातात. त्या पावलांत दोघींचं सगळं नातं आहे. त्या पावलांचे तुकडे कोण कापून घेतं?

आणि ही चित्रं काढतं कोण? टीव्ही मालिकांसाठी दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या जपानी तरुणांना चित्रामागे पैसे मिळतात, आणि ते तुटपुंजे असतात. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे मजुरी मिळते, तसाच हा हिशोब : हात थांबला की कमाई थांबली. क्योतो ॲनिमेशनने कलाकारांना पगारी नोकरीत ठेवून वेगळी वाट दाखवली. यामादा तिथेच घडली. 18 जुलै 2019 ला त्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली आणि 36 जण गेले. 'लुक बॅक'मध्ये चित्र शिकणाऱ्यांवर जो हल्ला होतो, तो पाहताना हे आठवलं नाही तर काय पाहिलं? ज्या कलेत प्रत्येक हालचाल कोणाच्या तरी बोटांनी जमवलेली असते, तिच्याबद्दल बोलताना श्रमाचा शब्द न काढणं ही त्या कलेशीच बेइमानी आहे.

वडीलधाऱ्यांनाही सोडता येत नाही. ॲनिमे म्हणजे कार्टून, कार्टून म्हणजे पोरांचा टाइमपास, असं म्हणणाऱ्यांच्या पिढीनेच दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहिलं, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान ऐकला. ते जपानीच होतं. त्यांनी तेव्हा ते गंभीरपणे घेतलं असतं, तर आज नव्या पोरांना गुणांच्या यादीपलीकडची भाषा मिळाली असती.

मराठीच्या नावाने तर गळा काढायचीही सोय नाही. 'इन्फिनिटी कॅसल' हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. युगो साको आणि राम मोहन यांचं 'रामायण' जानेवारी 2025 मध्ये पुन्हा पडद्यावर आलं तेही हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. वितरकांना दोष द्यायला मी तयार आहे, पण आधी एक विचारतो : मराठीत या चित्रपटांवर आपण लिहिलं काय? ज्या भाषेत एखाद्या कलेवर गंभीर वाद होत नाही, त्या भाषेत ती कला आणायला कोण येणार? तमिळ आणि तेलुगू प्रेक्षक आपापल्या भाषेत हक्काने बोलतो. आपण हिंदी आवाज ऐकतो, इंग्रजीत गुण देतो आणि मराठीत गप्प बसतो.

म्हणून माझा आग्रह असा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगावच्या ज्या पोरापोरींनी भ्रमणध्वनीवर हे सगळं पाहिलं आहे, त्यांनी गुण देणं थांबवावं आणि लिहावं. 'ओन्ली यस्टरडे'मधल्या करडईवर, 'सिल्व्हर स्पून'मधल्या जामीनकीवर, 'फ्रीरेन'मधल्या घासलेल्या पुतळ्यांवर लिहावं. मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला करडईचा काटा पुस्तकातून शिकावा लागेल. तुमच्या घरात तो कोणाच्या तरी बोटात मोडलेला आहे. ताकाहाताचा तो चित्रपट तपासून बघण्याचा, त्याने वेचणी बरोबर काढली की चुकली हे सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. तो वापरला नाहीत, तर या कलेतलं सर्वांत चांगलं काम तुमच्याच समोरून निघून जाईल आणि तुम्ही लढाईचे गुण मोजत राहाल.