क्रीडाछायाचित्र आणि क्षणाची निवड

छायाचित्रणाला कलेच्या पंक्तीत बसवावे की नाही, हा वाद आता जुना झाला आहे. तथापि खेळाच्या मैदानावर, धावत्या क्षणी घेतलेल्या छायाचित्राची कलादृष्ट्या चिकित्सा आपल्याकडे क्वचितच होते. वृत्तपत्राला ते बातमीपुरते हवे असते, खेळाडूच्या घरच्यांना कौतुकापुरते. परिणामी हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला ‘छान आहे’ यापलीकडे अभिप्राय येत नाही. हा अभिप्राय वरकरणी उदार दिसला, तरी वस्तुतः तो उपेक्षेचाच एक प्रकार होय.

कोगनोळी, निपाणी, कागल, मुरगूड हा सारा टापू कुस्तीवेडा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले, त्याला शतक उलटून गेले. पण यात्रेच्या मैदानात हलगी कडाडली की पाय आपोआप तिकडे वळतात, ही आमच्या भागाची रीत अजून मोडलेली नाही. अशा मैदानांत टिपलेली चाळीसेक चित्रे एका तरुणाने मध्यंतरी मला आणून दाखवली आणि ‘सर, खरे काय ते सांगा’, अशी विनंती केली. त्या निमित्ताने सुचलेले विचार येथे मांडीत आहे.

तांत्रिक दोषांचा उल्लेख थोडक्यात केला तरी पुरे. मुख्य कुस्त्या दिवस कलताना लागतात. प्रकाश मंदावला की झडप अधिक वेळ उघडी राहते आणि मल्लांचे हातपाय पुसट होतात. उभ्याने चित्र घेतल्याने हौद्यातील मल्ल खुजे दिसतात आणि त्यांच्या डोक्यांमागे देणगीदारांचे फलक झळकतात. मातीच्या पातळीवर बसून चित्र घेतले असते, तर तेच मल्ल आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले असते. हे दोष अभ्यासाने जातील.

खरा दोष याहून खोल आहे. चाळीसपैकी तीसएक चित्रे एकाच क्षणाची आहेत : एक मल्ल चितपट, दुसरा त्याच्या छातीवर. जर्मन समीक्षक लेसिंगने ‘लाओकून’ या १७६६ मधील ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्या मर्यादांचा विचार करताना एक मार्मिक सिद्धांत मांडला. चित्रकाराला एकच क्षण मिळतो. म्हणून त्याने परमोत्कर्षाचा क्षण घेऊ नये, कारण त्यापुढे कल्पनेला जायला जागाच उरत नाही. पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. आणि कुस्तीबरोबर चित्रही संपले. तो निकाल आहे, कुस्ती नव्हे.

उलट, याच संग्रहातील एक चित्र पाहावे. एका मल्लाने प्रतिस्पर्ध्याला कलाजंगावर घेतले आहे. वरच्याचे पाय सुटले आहेत, पण त्याचा एक हात अजून खालच्याच्या मानेत अडकलेला आहे. डाव साधेल की उलटेल, हे ठरलेले नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये ज्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा विचार केला, ती तिन्ही या दोन देहांच्या रचनेत प्रत्ययास येतात. गंमत अशी की, खालच्याचा उजवा पाय पुसट आल्यामुळे छायाचित्रकाराने हे चित्र बाजूला टाकले होते.

येथे स्पष्टतेच्या मोहाविषयी बोलणे प्राप्त आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा चारही पाय अधांतरी असतात तो क्षण पाय ताणलेले असतानाचा नसून पोटाखाली गोळा झाल्याचा असतो, हे सिद्ध झाले. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे घोडे रंगवीत आले होते. तरीही शिल्पकार रोदँचे म्हणणे असे की, चित्रकारच खरा, कारण प्रत्यक्षात काळ कधी थांबत नाही. या वादात मला क्षेमेंद्राचा आधार घ्यावासा वाटतो. पुसटपणा हा स्वतः दोषही नव्हे आणि गुणही नव्हे. औचित्य हीच त्याची कसोटी. मल्लाचा चेहरा पुसट झाला तर चित्र गेले. फिरता पाय पुसट झाला तर गती आली.

औचित्याला आणखी एक बाजू आहे, ती नीतीची. पडलेल्या मल्लाचा वेदनेने वाकडा झालेला चेहरा टिपून तो गावभर फिरविणे, यात वीररस नाही. आमच्या मैदानांत जिंकलेला मल्ल हरलेल्याला हात देऊन उठवतो. तो हात एकाही चित्रात नाही, ही उणीव मला तंत्राच्या उणिवेपेक्षा अधिक बोचली.

कोणी म्हणेल, हौशी माणसाकडून एवढी अपेक्षा कशाला? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले, हे माझे विद्यार्थी सन व देशासह सांगतात; पण ते लढत कसे होते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. निकाल नोंदींत राहतो. लढत मात्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांबरोबर जाते. आज तालमींतून माती मागे पडत असून गादी पुढे येत आहे. उद्याच्या पिढीला मातीतील कुस्ती कळेल ती पुष्कळशी अशा हौशी चित्रांवरूनच. तीसही चित्रे निकालाचीच असतील, तर कोण जिंकले एवढेच तिला कळेल.

त्या तरुणाला मी टाकून दिलेले चित्र परत घ्यायला सांगितले. तो थोडा खट्टू झाला, कारण त्या चित्रात कोण जिंकले ते दिसत नाही. ते दिसत नाही, हेच त्या चित्राचे सामर्थ्य आहे, हे पुढच्या हंगामात त्याला स्वतःच्याच डोळ्यांनी पटेल, अशी मला आशा आहे.