मोजणे आणि आवरणे : इंग्रजी ‘मेझर’ या शब्दाच्या अर्थविकासाचा चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : अर्थविकास, माप, संयम, न्याय, शेक्सपिअर

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात शेक्सपिअरचे ‘मेझर फॉर मेझर’ हे नाटक शिकविताना पहिली अडचण शीर्षकापाशीच येते. मराठीतून त्याचा अर्थ सांगावयाचा झाल्यास ‘जशास तसे’ हा वाक्प्रचार सहज ओठांवर येतो आणि विद्यार्थीही तो तत्परतेने वहीत उतरवून घेतात. एका वर्षी नाटक संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, शेवटी तर सगळ्यांना माफीच मिळते. मग जशास तसे कुठे झाले?” त्या वेळी दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकाचे स्वतःचेच समाधान करू शकले नाही. हा लेख त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

शब्दाच्या अंतरंगातून साहित्यकृतीकडे जाण्याची पद्धत समीक्षेला नवी नाही. विल्यम एम्पसन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात याच नाटकातील ‘सेन्स’ या शब्दाची उकल केली आहे. सी. एस. लुईस यांचा ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) आणि रेमंड विल्यम्स यांचा ‘कीवर्ड्स’ (१९७६) हे ग्रंथही याच परंपरेतील होत. प्रस्तुत लेखात नाटकाच्या शीर्षकातीलच शब्द विचारार्थ घेतला आहे. ‘मेझर’ या शब्दात मोजणे आणि आवरणे हे दोन अर्थ दीर्घकाळ एकत्र नांदत होते. पुढे आवरण्याचा अर्थ क्षीण झाला आणि मोजण्याचा अर्थ बलवत्तर ठरला. या घडामोडीत भाषेने काय गमावले, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन धातू, दोन दृष्टी

‘मेझर’ हा शब्द लॅटिन ‘मेन्सुरा’ या नामापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘मेन्सुरा’चे मूळ ‘मेतिरी’ म्हणजे मोजणे या क्रियापदात आहे. संस्कृतातील ‘मा’ हा धातू आणि त्यापासून सिद्ध झालेले मात्रा, मान, परिमाण हे शब्द याच कुळातील आहेत. त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्द सर्वस्वी परका नाही.

परंतु प्राचीन इंग्रजीजवळ स्वतःचा शब्द होताच. ‘मेतान’ म्हणजे मोजणे आणि ‘गेमेत’ म्हणजे माप. या ‘गेमेत’ला प्रमाणशीरपणा, संयम असाही अर्थ होता आणि त्यापासूनच ‘गेमेतगुंग’ म्हणजे संयम हे भाववाचक नाम तयार झाले होते. हा शब्द मात्र वेगळ्या धातूचा आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या १९६९ च्या ग्रंथात या दोन धातूंतील भेद स्पष्ट केला आहे. ‘मे’ हा धातू लांबी, रुंदी, प्रमाण यांच्या मोजमापाचा आहे, तर ‘मेद्’ हा धातू बिघडलेल्या गोष्टीला अधिकाराने पुन्हा मर्यादेत आणण्याचा आहे. ‘मॉडरेट’, ‘मॉडेस्ट’ आणि ‘मेडिसिन’ हे शब्द या दुसऱ्या धातूचे वंशज होत. वैद्य शरीराला, न्यायाधीश समाजाला आणि संयमी मनुष्य स्वतःला मर्यादेत आणतो. या तिन्ही कृतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजीने आवरण्याच्या धातूचा आपला जुना शब्द मागे टाकला आणि मोजण्याच्या धातूचा परका शब्द स्वीकारला. तरीही आवरण्याचा अर्थ लोपला नाही. तो नव्या शब्दात वस्तीला आला. यात अस्वाभाविक असे काही नाही. संस्कृतातील ‘मित’ हे ‘मा’ धातूचेच रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘मोजलेले’ इतकाच आहे. परंतु मिताहार आणि मितभाषी या शब्दांत तो संयमाचा वाचक होतो. जे मोजले, ते मर्यादेत आले, अशी या अर्थविस्तारामागील धारणा दिसते.

संयमवाचक ‘मेझर’

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाला वीरांच्या आणि दरबारी सद्गुणांत मानाचे स्थान होते. ‘रोलांचे गीत’ या महाकाव्यात मदतीसाठी शिंग फुंकण्यास नकार देणाऱ्या रोलांला त्याचा मित्र ऑलिव्हिए दोष देतो. रोलांच्या शौर्याविषयी त्याला शंका नाही. अविचाराने वागण्यापेक्षा हा गुण श्रेष्ठ, असे त्याचे म्हणणे आहे. इंग्रजीत हा शब्द आला तो हे नैतिक वलय घेऊनच. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात पवित्र धर्मसंस्थेचे रूपक असलेली स्त्री खाण्यापिण्यातील ‘मेझर’ला औषधाची उपमा देते. बेनव्हेनिस्त यांनी दाखविलेले औषध आणि संयम यांचे नाते येथे कवीच्या सहज बोलण्यात आले आहे.

जॉन स्केल्टन याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ‘मॅग्निफिसन्स’ या रूपकात्मक नाटकात तर ‘मेझर’ हे एक पात्रच आहे. मॅग्निफिसन्स या राजपुत्राच्या दरबारात स्वातंत्र्य आणि समृद्धी यांना आवर घालण्याचे काम त्याच्याकडे आहे. खुशमस्कऱ्यांच्या नादी लागून राजपुत्र त्याला दूर करतो. त्यानंतर संकट, दारिद्र्य आणि निराशा ही पात्रे क्रमाने रंगमंचावर येतात आणि राजपुत्र आत्मघाताच्या उंबरठ्यावर पोहोचतो. या नाटकात ‘मेझर’ खजिन्यातील नाणी मोजणारा कारकून नाही. राजाला ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार असलेला तो सल्लागार आहे.

मोजणे आणि सत्तेला आवरणे यांचा असाच संबंध त्याहून जुन्या एका राजकीय दस्तऐवजातही दिसतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये राजसत्तेवर मर्यादा घालणाऱ्या कलमांबरोबरच मद्य आणि धान्य यांसाठी राज्यभर एकच माप असावे, असे कलम आहे. मूळ लॅटिन मसुद्यात त्यासाठी ‘मेन्सुरा’ हाच शब्द आहे. माप ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहू नये आणि सत्ताही मर्जीवर राहू नये, या दोन्ही अपेक्षा एकाच सनदेत शेजारी बसल्या आहेत.

नृत्य, छंद आणि श्लेष

एलिझाबेथकालीन इंग्रजीत ‘मेझर’ हे धीम्या, प्रतिष्ठित चालीच्या एका नृत्यप्रकाराचेही नाव होते. पावले मोजून टाकावयाची आणि अंग सावरून धरावयाचे, असे ते नृत्य. १६०० मध्ये छापल्या गेलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’ या नाटकात बिआट्रिस आपल्या बहिणीला सल्ला देते की, राजपुत्र फारच आग्रह करू लागला, तर प्रत्येक गोष्टीला ‘मेझर’ असते असे त्याला सांग आणि आपले उत्तर नाचून दे. येथे एकाच शब्दात मर्यादा आणि नृत्य असा श्लेष साधला आहे. तो प्रेक्षकांना तत्काळ कळत असला पाहिजे, अन्यथा विनोद फसला असता. म्हणजेच त्या काळी संयमाचा अर्थ बोलीत जिवंत होता.

पद्यरचनेतही हा शब्द छंदवाचक झाला. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ला नंतर जोडलेल्या टिपणात आपल्या निर्यमक पद्यरचनेसाठी हाच शब्द वापरला आहे. मराठी छंदःशास्त्रातील ‘मात्रा’ ही संज्ञाही त्याच धातूची असावी, हा योग सूचक आहे. नृत्य असो वा छंद, मोजणे हे येथे मुक्ततेच्या आड येत नाही. मोजलेल्या पावलामुळेच चाल देखणी होते.

शीर्षकाचा पुनर्विचार

‘मेझर फॉर मेझर’चा राजदरबारातील प्रयोग २६ डिसेंबर १६०४ रोजी झाला आणि १६२३ च्या फोलिओत ते प्रथम छापले गेले. शीर्षकाला मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचा आधार आहे. इतरांना ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हालाही मोजले जाईल, असा त्या वचनाचा आशय आहे. जी. विल्सन नाइट यांनी १९३० मध्ये या नाटकाचे वाचन शुभवर्तमानाच्या प्रकाशात केले. त्यापूर्वी कोलरिज यांना हे नाटक क्लेशदायक वाटले होते. अँजेलोला मिळालेली क्षमा न्यायबुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

कोलरिज यांचा आक्षेप हा वर्गातील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचाच प्रौढ अवतार आहे. शीर्षकाचा अर्थ ‘परतफेड’ इतकाच घेतला, तर तो आक्षेप अटळ ठरतो. परंतु संयमाचा अर्थ जागा ठेवून पाहिल्यास नाटकाची रचना वेगळी दिसू लागते. व्हिएन्नाच्या ड्यूकने चौदा वर्षे कायदे निजवून ठेवले, हा ढिलाईचा अतिरेक. अँजेलोने तेच कायदे एकाएकी जागे करून क्लॉडिओला देहदंड फर्मावला, हा कठोरपणाचा अतिरेक. पकडला गेलेला क्लॉडिओ स्वतःच म्हणतो की, अतिस्वातंत्र्यातूनच हे बंधन जन्मले. अजीर्ण झालेल्याला उपास घडतो, तसे. एस्कॅलस ड्यूकचे वर्णन सर्वथा संयमी गृहस्थ असे करतो, पण ड्यूकची राजवट त्या वर्णनाला उतरत नाही. या नगरीत कायदा आहे, शिक्षा आहे, मोजणारे आहेत. केवळ ‘मेझर’ नाही.

पाचव्या अंकात ड्यूक शीर्षकातील शब्द उच्चारतो तो अँजेलोला मृत्युदंड सुनावताना. त्या क्षणी शब्दाचा अर्थ निव्वळ परतफेड असा आहे. त्यानंतर, भाऊ मारला गेला असे मानणारी इझाबेला मारिआनाच्या विनवणीवरून गुडघे टेकते आणि अँजेलोसाठी दया मागते. सूडाचे माप तिच्या हाती आलेले असताना ती ते भरून घेत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, शीर्षकाचा अर्थ येथे कूस बदलतो. पहिला ‘मेझर’ मोजण्याचा, तर दुसरा आवरण्याचा, असे शीर्षक वाचता येते. अखेरची क्षमा त्यामुळे शीर्षकाशी विसंगत राहत नाही.

हे वाचन नाटकातील सर्व गाठी सोडविते, असा दावा नाही. शेवटी ड्यूक इझाबेलाला लग्नाची मागणी घालतो आणि ती एक शब्दही बोलत नाही. तिच्या मौनात संमती आहे की आणखी एका अमर्याद सत्तेपुढील हतबलता, हे नाटक सांगत नाही. इतरांना माप लावणारा ड्यूक स्वतः मापाबाहेरच राहतो, अशी शंका उरते आणि ती उरणेच योग्य आहे.

अर्थसंकोच आणि ‘उपाययोजना’

योजनेपूर्वी अंदाज घ्यावा लागतो, मोजणी करावी लागते. या वाटेने ‘मेझर’ला योजना, कार्यवाही असा अर्थ आला. पुढे विधिमंडळापुढील प्रस्तावालाही हाच शब्द लागू झाला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात मोजमाप, संयम आणि कार्यसाधनाचा उपाय हे अर्थ एकत्र नोंदलेले आढळतात. आजच्या इंग्रजीत मात्र संयमाचा अर्थ काही ठराविक शब्दबंधांपुरता उरला आहे. ‘बियाँड मेझर’ म्हणजे बेसुमार किंवा ‘मेझर्ड’ म्हणजे तोलून बोललेले, ही त्याची उदाहरणे. एरवी त्या अर्थाचे काम ‘मॉडरेशन’ करते. ज्या धातूला इंग्रजीने एकदा मागे टाकले, त्याचाच लॅटिन वंशज पुन्हा बोलवावा लागला.

या बदलाची एक खूण ‘एक्स्ट्रीम मेझर्स’ या प्रयोगात सापडते. सरकारे टोकाचे उपाय योजतात, त्यांना आज हे नाव मिळते. लँगलंडच्या कानाला हा शब्दबंध ‘अतिरेकी संयम’ असा, म्हणजे वदतोव्याघात वाटला असता. मराठी प्रशासकीय भाषेत ‘मेझर्स’साठी ‘उपाययोजना’ हा शब्द रुळला आहे. भाषांतर म्हणून तो निर्दोष आहे. आवरण्याचा अर्थ मूळ शब्दातूनच निघून गेलेला असल्याने मराठीत तो उतरण्याचा प्रश्नच येत नाही.

निष्कर्ष

शब्दाचा एक अर्थ मावळला म्हणून ती कल्पनाही संपते असे नाही. परंतु तिची आठवण करून देणारे साधन हरवते. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात मांडलेले निरीक्षण मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापनाला लावले. माप हेच लक्ष्य झाले की ते चांगले माप उरत नाही, असा त्यांचा मथितार्थ आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या कार्याचे गुणांकन सुरू केले आणि २०१८ मध्ये ती पद्धत बदलण्यात आली. त्या तक्त्यात आपले निबंध बसविलेल्या कोणाही अध्यापकाला स्ट्रॅदर्न यांचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मोजणीला आक्षेप नाही. मोजणीला कोठे थांबावे हे सांगणारा ‘मेझर’ दरबारातून बाहेर पडला, ही खरी अडचण आहे.

मराठीत ‘मापात पाप’ असे म्हणतात. त्यात दोष मापाचा नसून माप धरणाऱ्या हाताचा आहे. शुभवर्तमानातील वचन, मॅग्ना कार्टातील कलम आणि इझाबेलाचे गुडघे टेकणे यांतूनही हेच सूचित होते की, मोजणाराही मापाखाली येतो. ‘मेझर फॉर मेझर’साठी एकच मराठी शीर्षक सुचविण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही. ‘जशास तसे’ लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र त्याशेजारी ‘मित’ हा शब्दही लिहून ठेवण्यास सांगावे, इतके या अभ्यासातून निश्चित झाले आहे.