मुंबईत क्लार्क, गावात सुपरमॅन

स्पायडर-मॅन रत्नागिरीत आला तर त्याची पंचाईत होईल. मारुती मंदिरच्या सर्कलपासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत जायचं तर जाळं टाकायचं कशावर? माडावर टाकलं तर नारळ डोक्यात. जांभ्याच्या बैठ्या घरांवर टाकलं तर चार कौलं फुटणार आणि आतून आजी शिव्या घालणार. आता सात-आठ मजली इमारती झाल्यात, पण त्या अशा विखुरलेल्या की दोन झोक्यांच्या मध्ये त्याला रिक्षा करावी लागेल. हा विनोद खरं तर मार्व्हलने स्वतःवरच करून घेतलाय. २०१७च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'मध्ये तो उपनगरातल्या एका मोकळ्या गोल्फ मैदानावर येतो, आजूबाजूला उंच काहीच नसतं, आणि बिचारा चक्क पळत सुटतो. त्याची अर्धी शक्ती कोळ्याची आहे, अर्धी न्यूयॉर्कच्या बिल्डरांची.

सुपरमॅनचं उलट आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडमध्ये वाढलेल्या दोन तरुणांनी त्याला छापून आणलं. क्रिप्टॉनवर राहिला असता तर तो चारचौघांसारखाच असता. घर नष्ट झालं, तो दूर फेकला गेला, म्हणून तो उडतो. पुढे स्मॉलव्हिल नावाच्या छोट्या गावात वाढतो, मोठ्या शहरात नोकरीला जातो, चष्मा लावतो, खाली मान घालून काम करतो. हा शेवटचा भाग कोकणातल्या माणसाला भलताच ओळखीचा वाटतो. त्याकडे मी येणारच आहे.

आपल्याकडे सुपरहिरो आणला की चर्चा होते ती वेशाची आणि व्हीएफएक्सची. मी दुसरंच बघते: त्या गावाने त्याला काय दिलं, आणि त्याच्याकडून काय काढून घेतलं? या मापाने मोजलं तर महाराष्ट्रातला सगळ्यात अस्सल सुपरहिरो मराठी बोलत नाही. तो मालेगावचा आहे.

शेख नासिर यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला आणि तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट केला. माहितीपट बघितला नसेल तर बघाच. बैलगाडीचा कॅमेऱ्याच्या क्रेनसारखा वापर, सायकलवर कॅमेरा, हिरव्या कापडापुढे आडवा झालेला हिरो. हे सगळं बघून हसू येतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात: किती गोड, किती जुगाडू! मला ते कौतुक जरा तुच्छ वाटतं, कारण नासिर यांची खरी करामत पटकथेत आहे. त्यांचा सुपरमॅन काटकुळा आहे आणि त्याला दमा आहे. मालेगावच्या हवेत उडायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्याच्या खलनायकाला घाण आवडते. आता बघा, क्रिप्टोनाइट हा हिरवा दगड एका कल्पित ग्रहावरून आणावा लागतो. मालेगावात नायकाला दुबळं करणारी गोष्ट गटारातून आणि यंत्रमागांच्या धुळीतून फुकट मिळते. शहराने त्याला कपडे दिले आणि फुप्फुसं घेतली. सुपरमॅन झालेला शफीक स्वतः यंत्रमागावर काम करायचा. पुढे तो कॅन्सरने गेला. रीमा कागतींच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मध्ये त्याची गोष्ट आली आहे. चांगला सिनेमा आहे, पण तो दोस्तीवर जास्त रमतो. त्या दम्याचं महत्त्व मूळ माहितीपटातच कळतं.

या उलट २०१५चा 'बाजी'. श्रेयस तळपदे, घोडा, मुखवटा, सगळं नीटनेटकं. गाव मात्र श्रीरंगपूर नावाचं काल्पनिक, आणि ते काल्पनिक आहे ही अडचण नाही. गॉथमही काल्पनिकच आहे. अडचण ही की श्रीरंगपूर उचलून कोकणात ठेवलं काय आणि विदर्भात ठेवलं काय, बाजीच्या एकाही फटक्यात फरक पडत नाही.

आता आमच्या बाजूचा सिनेमा. सप्टेंबर २०२५मध्ये सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' आला. आमच्या बाजूचा म्हणते, कारण गोष्ट सिंधुदुर्गातली असली तरी १९८१पर्यंत तो आणि रत्नागिरी एकच जिल्हा होता. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत. त्याने मुलाला शब्द दिलाय की आता रंगमंच सोडेन. मग मुलगाच मारला जातो, मागे खाणीचा डाव असतो, आणि बाबुली एकेक अवतार धारण करून हिशोब चुकता करायला निघतो. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर हे करतात, तेव्हा 'या वयात काय एनर्जी!' म्हणणं मला अपुरं वाटतं. बाबुलीची शक्ती तरुण नसणं हेच बरोबर आहे. ती त्याला कुठल्या अपघाताने किंवा किरणोत्साराने मिळालेली नाही. आयुष्यभर रात्र रात्र जागून, जत्रेमागून जत्रा करून, पेटाऱ्यातले तेच कपडे हजार वेळा अंगावर चढवून साचत गेली आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्याउभ्या सुचावे लागतात. सिनेमातला बाबुली दरवेळी नव्या प्रसंगाला नवं सोंग घेऊन उभा राहतो, ते मला म्हणूनच पटतं. ही शक्ती त्याच मातीत तयार होऊ शकते. पुण्यातला नट हे करू लागला तर ती नुसती वेशभूषा स्पर्धा होईल.

तरी एक गोष्ट मला खटकली. दशावतार ही कंपनी असते. एक जण राजा, एक जण राक्षस, कुणी स्त्रीपार्ट, बाजूला पेटी, मृदंग, झांज. सिनेमाने सगळे अवतार एकाच माणसाच्या अंगात घातले. टाळ्या मिळतात, पण त्या क्षणी बाबुली कुडाळ-सावंतवाडीचा न राहता थोडासा गॉथमचा होतो: एकटा, दुःखी, सूडाने पेटलेला. बॅटमॅनचे आईवडील गेले, बाबुलीचा मुलगा गेला, आणि गाव मागे राहून बघत बसलं.

कोकणात राखण करणारी शक्ती अशी एकटी फिरत नाही. तिला हद्द असते. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी बारा वाड्यांचं. शिमग्यात त्याची पालखी निघते ती आपल्या हद्दीत फिरते, घराघरात जाते. शिवेपलीकडे दुसऱ्या देवाचा अंमल. सुपरमॅनला हे सांगितलं तर त्याला समजणार नाही. तो अख्ख्या पृथ्वीचा राखणदार. आमच्याकडे मात्र राखणदार म्हणजे अमुक गावचा, अमुक वाडीचा. आणि तरीही गाऱ्हाणं घालताना पुजारी हळूच ती हद्द ताणतो: पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांनाही सांभाळ, असं म्हणतो, आणि सगळे मिळून होकार भरतात. जी माणसं हद्दीत नाहीत, त्यांच्यासाठी हद्दीतल्या देवाला घातलेलं साकडं. इथे रत्नागिरीची सगळी गोष्ट आली.

कारण हा जिल्हा रिकामा होत आलेला आहे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती. २०११मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देश वाढत होता, आम्ही घटत होतो. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. आम्ही मुलींवर फार प्रेम करतो असा याचा अर्थ नाही. पुरुष मुंबईत आहेत, एवढाच अर्थ. आधी गिरण्यांत होते, आता मॉल, गोदामं, सोसायट्यांच्या गेटवर.

आणि हेच पुरुष शिमग्याला परत येऊन मुखवटा चढवतात. उत्तर रत्नागिरीत, गुहागर-चिपळूणच्या बाजूला, नमन-खेळ्यांबरोबर संकासूर येतो. काळा वेश, तोंडावर मुखवटा, डोक्यावर निमुळती उंच टोपी, कमरेला घुंगरं. वेद पळवणारा हा असुर, विष्णूने मत्स्यावतार घेऊन मारलेला. दशावतारातही तो सुरुवातीलाच येतो, पण तिथे तो मालवणी बोलून हसवतो. आमच्याकडे लोक त्याला नवस बोलतात. खलनायकाच्या कपड्यात राखणदार, ही कल्पना कॉमिक्सवाल्यांना सुचायच्या कितीतरी आधीची.

माझा चुलतभाऊ गेली काही वर्षं आमच्या वाडीचा संकासूर आहे. एरवी तो मुंबईत एका मॉलच्या दारावर उभा राहून बॅगा तपासतो. दिवसाला हजारो लोक समोरून जातात, एकानेही त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलेलं नसतं. मग दिवा पॅसेंजरने उभ्याने येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे म्हातारी माणसं हात जोडतात, पोरं किंचाळत पळतात. सुपरमॅनची गोष्ट इथे बरोबर उलटी होते. स्मॉलव्हिलचा पोरगा महानगरात जाऊन वेश चढवतो. आमचा पोरगा महानगरात क्लार्क केंट असतो, आणि वेश गावी ठेवलेला असतो. गुप्त ओळखीचीही गंमत आहे. मुखवट्याआड कोण आहे हे चालण्यावरूनच सगळ्या वाडीला कळतं, पण नाव कुणी घेत नाही. कॉमिक्समध्ये नायक लोकांपासून गुपित ठेवतो. इथे लोकच त्याच्यासाठी गुपित सांभाळतात.

हा वेश मुंबईत चालत नाही का? चालतो. चाकरमान्यांची नमन मंडळं मुंबईतल्या नाट्यगृहांत तिकीट लावून प्रयोग करतात, परळचं दामोदर तर त्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथेही संकासूर येतो, शिट्ट्या घेतो. पण तिथे त्याला नवस कुणी बोलत नाही. वेश तोच, माणूस तोच, घुंगरंही तीच. शिवेबाहेर तो पात्र असतो. 'दशावतार'च्या लेखकाने हे लक्षात घेतलं असतं तर बाबुलीला कुठल्या रेषेपलीकडे जाता येणार नाही, हा प्रश्न पटकथेत आला असता, आणि सिनेमा जास्त धारदार झाला असता. ज्याला मर्यादा नाही त्याच्यासाठी जीव टांगणीला लागत नाही.

पण माझं संकासुराशीही भांडण आहे, आणि ते त्या ११२२ आकड्याशी जोडलेलं आहे. वर्षभर गाव राखतं कोण? भात लावणं, गुरं, म्हाताऱ्यांची औषधं, पावसात उडालेलं छप्पर, ग्रामसभेला जाणं. माझी काकू हे सगळं करते. प्रकल्प येणार म्हटलं की सड्यावर पहिल्यांदा कोण जाऊन बसतं? एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हाचे व्हिडिओ काढून बघा, उन्हात आडव्या पडलेल्यांत बायका किती होत्या. त्याच बारसूच्या सड्यावर एक कातळशिल्प आहे: मधोमध माणूस, दोन्ही बाजूंना वाघ. कोकणातलं सुपरहिरोचं सगळ्यात जुनं चित्र म्हणून मी ते मित्रांना दाखवते. रेषा इतक्या मोजक्या आहेत की मधली आकृती बाईची असायला माझी काहीच हरकत नाही.

मराठीत कोकणाचा पुढचा सुपरहिरो कुणी लिहायला बसलं, तर त्याने आधी एवढं ठरवावं की तो गावात असतो की गावी येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या निघतील. गावी येणाऱ्याची गोष्ट घुंगरांची, गर्दीची, तीन दिवसांची. गावात असणारीची गोष्ट कशी दिसेल, तिला मुखवटा लागेल का, तिची शक्ती कोणत्या शिवेला संपेल, हे मला अजून कुणी पडद्यावर दाखवलेलं नाही. काकूला विचारलं तर ती म्हणाली, संकासुराच्या कपड्यांना वाळवी लागू नये म्हणून वर्षभर ऊन कोण दाखवतं, ते आधी लिही.